नऊ नंबरच्या खिडकीवरचा बॅनर

११ जानेवारी २०२१, सोमवार.
नव्या वर्षाचा संकल्प, अकरा दिवस उशिरा: या वर्षी अजिबात चिडायचं नाही. नर्सिंग होमचा मॅनेजर थंड डोक्याचा हवा.
बॅनर आला. ‘इथे हिरो काम करतात.’ वीस फूट लांब. अख्ख्या पेनसिल्व्हेनियात लागलेत, आमच्याकडेच नव्हता. भिंत मी स्वतः निवडली, रस्त्यावरून नीट दिसणारी. आमचा मिस्त्री लाइल कुरकुरला, नऊ नंबरची खिडकी झाकली जाईल. म्हटलं, एकच ना? हिरो चौतीस आहेत.
दुपारी प्रिंटर अडकला. लाथ घातली. राग नव्हे, दुरुस्ती.

१२ जानेवारी, मंगळवार.
काझ वोयनार. वय एक्याऐंशी, जुना वेल्डर. बायको लिओना नऊ नंबरात. साथ आल्यापासून आत कुणालाच सोडत नाही, म्हणून हा रोज बाराच्या ठोक्याला बर्फात खिडकीबाहेर उभा. थर्मासमधून कोबीचं सूप आणतो. बाहेर हा एक चमचा घेणार, मग आत ती एक घेणार. हा दिसला नाही तर ती तोंडच उघडत नाही, असं बर्नडेट म्हणते. बर्नडेट हेड नर्स आहे. तिला काहीही वाढवून सांगायची सवय.
आज काझने चाकू काढून बॅनर उभा फाडला. मी समजूत घालायला धावलो. म्हणाला, काय रे पोरा, तुझे हिरो एवढे मोठे झाले की माझी बायको दिसेना? चाकू काढून घेताना थर्मास माझ्या कानावर बसला. मी त्याला मारलं नाही. माझी मूठ पुढे गेली आणि वाटेत त्याचा जबडा होता.
संकल्प कायम.

१३ जानेवारी.
दुसरा बॅनर. जाड ताडपत्री, तारेने आवळलेला. बर्नडेट म्हणाली, सर, पलीकडची भिंत रिकामी आहे. तिला तत्त्व कळत नाही.

२२ जानेवारी, शुक्रवार.
राज्याच्या राजधानीत नर्सिंग होमसाठी कायदा येतोय. दोन भाग. पहिला दिलासा: साथीत कुणी दगावलं तर आमच्यावर खटला नाही. उत्तम भाग. दुसरा जबाबदारी: प्रत्येक पेशंटच्या एका माणसाला रोज तासभर आत घ्या, नोंदी उघड्या ठेवा. खोडसाळ भाग. सिनेटच्या समितीपुढे मी साक्ष देणार. विषय: संयम.
आरशासमोर तालीम केली. ठासून सांगायला मूठ आपटली, आरसा फुटला. चार टाके.
लिओनाचं वजन ११२ वरून १०४ पौंड. काट्याची तपासणी केली, भिंतीवर आपटून. काटा बिघडलेला निघाला.

४ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री.
काझने घण आणला. बॅनरसकट काच फोडली आणि एक तंगडी आत टाकली. मी बाहेरून दुसरी धरली. या वयात एवढी ताकद कुठून येते? टाच थेट माझ्या नाकावर. हाड मोडलं. मीही त्याच्या बरगडीत दोन गुद्दे दिले, फक्त पकड सुटू नये म्हणून.
बर्नडेट आत होती. सांगते की लिओना तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, काझ, आधी बूट पूस. याच्या खिशात चमचा होता, बगलेत थर्मास. मी ओढत होतो, हा लोंबकळत भरवत होता. पाच चमचे खाल्ले म्हणे.
पोलीस घेऊन गेले. कोर्टाने शंभर यार्डांच्या आत यायची बंदी घातली. खिडकीवर प्लायवूड ठोकलं, वर बॅनर. आता शांतता.

१८ फेब्रुवारी, गुरुवार.
साक्ष, व्हिडिओवरून. नाकावर प्लास्टर, पण रुबाब होता. सुरुवात झकास. मग एका सिनेटरबाईंनी विचारलं, ती भिंत कुणी निवडली? म्हटलं, लाइलने. तिथे वाराही फार असतो. वाऱ्याचा संबंध त्यांना कळला नाही. लिओनाचं वजन ९१ कसं? म्हटलं, भूक ज्याची त्याची.
पुढचा साक्षीदार काझ. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. लिओनाला सूपमध्ये मिरपूड किती लागते तेवढंच सांगत बसला. समितीतले दोघं डोळे पुसायला लागले. ते मला सहन झालं नाही. लॅपटॉपवर खुर्ची घातली. बर्नडेट दारातून म्हणाली, सर, सगळं रेकॉर्ड झालंय.

२३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.
लिओना वोयनार गेली. ८८ पौंड. डॉक्टरांनी कारण लिहिलं: वार्धक्य. मी दोनदा वाचलं. बरोबर आहे.
कोल्ड्रिंकच्या मशीनला ठोसा मारला. हात सुजला. बरं वाटलं नाही.

२६ मार्च, शुक्रवार.
कायदा पास झाला, आजपासून लागू. दिलाशाचा भाग गळाला, जबाबदारीचा अख्खा राहिला. बॅनर मीच उतरवला. लाइल मदतीला आला नाही.
बाराला काझ आला. बंदी कालच उठली होती. हातात भेटीचा फॉर्म, बगलेत थर्मास. मी म्हटलं, मिस्टर वोयनार, नऊमध्ये आता कुणी नाही. म्हणाला, माहीत आहे रे. मीच पुरलं तिला. पण तास माझा आहे.
वाटलं, आता मारेल. मी नाक पुढे केलं. खरंच सांगतो, मारावं असं वाटत होतं. त्याने बूट पुसले आणि आत गेला. रिकाम्या पलंगाशेजारी एक चमचा घ्यायचा, मग थांबायचा. परत एक घ्यायचा, परत थांबायचा. पूर्ण तासभर. मी दारात उभा होतो.
निघताना विचारलंन, पोरा, खरं सांग, भिंत लाइलनेच निवडली होती ना? मी म्हटलं, हो.
तो म्हणाला, बरं. मग तुला उगाच मारलं, माफ कर.
आत्ता दीड वाजलाय. ११ जानेवारीचं पान उघडून बसलोय. भिंत मी स्वतः निवडली, असं माझ्याच अक्षरात आहे. फाडून टाकणार होतो. हात उचलला नाही.