टाकीतल्या झाडांच्या नावावरची साखर

अहो,

"हिला चमचाभर साखरेचाही हिशेब हवा," असं सकाळी टाकीतल्या माशांपाशी कुरकुरलात ना? मी पडद्यामागेच होते.

साखर आणि यीस्टच्या बाटलीतून वायू निघतो, त्यावर टाकीतली झाडं तरारतात, हे मला पटलं होतं. पण दुकानदार सिलिंडरचा संच घ्या म्हणत असताना तुम्ही बाटलीसाठीच हटून बसलात, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. इकडे साखरेचा डबा रिकामा होतोय आणि तिकडे झाडं पिवळी पडताहेत. नळीतून बुडबुडा म्हणून येत नाही. आज बाटली उघडून चाखलीच. नुसतं पाणी!

मी सिलिंडर आणायला चाललेय. त्याला साखर लागत नाही. डबा शेजारच्या वहिनींकडे ठेवलाय. त्यांना लाडीगोडी लावू नका, त्या माझ्या बाजूच्या आहेत. जेवण झाकून ठेवलंय.

आणि पायात मोजे घालून बसू नका, जखम मला दिसलीय. लेक फोनवर तब्येत विचारते, तुम्ही "झकास" म्हणता, मीही तुमची री ओढते. आज लिहूनच टाकते. तुमचा मधुमेह हाताबाहेर चाललाय. मामंजींचा पायसुद्धा असल्याच एका जखमेनं गेला होता, आणि मला भीती वाटते.