गप्प करायचं बटण

३ मार्च
लागले बाई एकदाची नोकरीला! श्वास देणारी यंत्रं बनवणारी कंपनी, त्यांचं सॉफ्टवेअर तपासायचं काम, खिडकीजवळचं टेबल, आणि साहेब कोण, तर आमचा दादा, आत्याचा मुलगा. याच्याच सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत जायचे. सगळ्यांसमोर ‘आमचं शेंडेफळ’ म्हणून ओळख करून दिली, मेल्याला लाजही वाटली नाही. आई दवाखान्यात अशाच एका यंत्रावर आहे. दादानं बनवलेलं, म्हणून मी निर्धास्त. अलार्म वाजला की घाबरायचं नाही, कोपऱ्यातलं बटण दाबून गप्प करायचं, मामीची झोप मोडू द्यायची नाही, हे त्यानंच शिकवलं. मी टपाटप दाबते.

११ मार्च
आज माझीच पाठ थोपटून घ्यावीशी वाटली. यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक कामाला मेमरीचा तुकडा देतो आणि काम झालं की परत घेतो. पण अलार्म मध्येच गप्प केला, तर तो तुकडा परत घेतच नाही. असं करत करत मेमरी संपली की यंत्र जागच्या जागी थिजणार. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण नवा पेशंट आला की यंत्र बंद करून सुरू करायची पद्धत आहे. तेवढ्यानं सगळी मेमरी मोकळी होते. आईइतके दिवस सलग कुणी राहतच नाही. दादा शाबास म्हणाला. मी बघतो, तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस, म्हणाला.

१४ मार्च
चूक दुरुस्त केली म्हणे. आईच्या यंत्रात नवी आवृत्ती स्वतः घालून आला, तीही यंत्र बंद न करता. मामीच्या कपाळावरून हात फिरवला. मला भरून आलं. आज अलार्म फारच कुरकुरत होता, दाबून दाबून बोट दुखलं.

१९ मार्च
नवी आवृत्ती सहज उघडून पाहिली. काहीही दुरुस्त केलेलं नाही. फक्त शिल्लक मेमरीचा आकडा पडद्यावरून काढून टाकलाय. आणि खाली ‘तपासून पास’ म्हणून नाव माझं! मी पाहिलंही नव्हतं. जाब विचारला, तर माल पाठवायची तारीख जवळ आली होती म्हणे. आणि मामी तशीही किती दिवसांची, असं म्हणाला. सख्ख्या मामीबद्दल! इतके दिवस माझ्याच हातानं — वाटोळं होवो त्याचं.

२० मार्च
डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. दुसरं यंत्र आणायला गेल्यात. तोवर बटणाला हात लावू नका म्हणून नर्सला विनवलंय. मला काचेबाहेर बसवलंय. दुसरं काही करता येत नाही, म्हणून लिहितेय —

दादा आलाय. मी घरचाच, यंत्रही माझंच, म्हणाला. सोडलं त्याला आत. त्यानं नर्सला काहीतरी आणायला पाठवलं —

यंत्र थिजलं, बंद करून सुरू केलं की मेमरी मोकळी, पुरावा उरत नाही. त्यालाही माहितीय —

अलार्म वाजतोय. माझ्याकडे बघून हसला. सायकलवर बसवताना हसायचा तसाच —

दार आतून लावलंय. दादा, नको रे —

आवाज थांबला. पुन्हा वाजतोय. थांबला. पुन्हा —

आता वाजतच नाहीये. आईची छाती