जावयासाठी विजेचा तंदूर

वाडी, नागपूर
१४ मार्च १९८५

प्रिय गोविंदा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या घरची सगळी खुशाल असतील असं धरून चालते. माझं अक्षर आज वेडंवाकडं येतंय, सांभाळून वाच. मागच्या आठवड्यात हे, मी आणि प्रेमिला विजेचा तंदूर घ्यायला गेलो होतो. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. सांगायचं पुष्कळ आहे, पण तंदुरापासूनच सुरुवात करते, नाहीतर मला काही सुचणार नाही.

येत्या रविवारी जावई मधुसूदनराव आणि विहीणबाई आर्वीहून प्रेमिलाला न्यायला येणार, असं ठरलं होतं. जावयाला भाजलेलं मटण फार आवडतं. लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा ह्यांनी मागच्या अंगणात शेगडी पेटवून स्वतः भाजून वाढलं होतं. पण आता घरात शेगडी कशी पेटवायची? दिवाळीनंतर सासरी स्टोव्ह भडकून प्रेमिलाचा डावा हात आणि मान भाजली, ते तू दवाखान्यात येऊन पाहून गेलास. त्यानंतर ती आमच्याकडे आली, तेव्हापासून मी चूलसुद्धा ती नळावर गेली की पेटवते. परवा शेजारणीने काडी ओढली, तर ही पोर भिंतीला पाठ लावून उभी राहिली. म्हणून ह्यांनी तोड काढली, विजेचा तंदूर. जाळ नाही, धूर नाही, अंगणात वायर नेली की झालं.

आधी आम्ही इतवारीत पाहिले. तिथले स्वस्त होते, पण पत्रा पातळ, तारा उघड्या, हात लावला तर शॉक बसेल अशी मला धास्ती. शेजारी म्हणाले, कंपनीचाच घ्या. कंपनीचा घ्यायचा तर जाड प्लग लागतो, तो आपल्या घरात नाही. घरमालक बसवू देईल का, संध्याकाळी लाईट मंद होते तेव्हा मटण कच्चं राहील का, जावई ताटावरून उठतील का, मला एकेक घोर. त्यात ह्यांच्या छातीचं दुखणं. डॉक्टरांनी चिडू नका, दगदग करू नका म्हणून सांगितलेलं, आणि हे उन्हात दुकानं पालथी घालत होते. लेक नीट नांदायला गेली पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात.

शेवटी सीताबर्डीत एका दुकानात दोन तंदूर मनात भरले. एक बेताच्या किमतीचा, त्याच्या सळ्या उघड्या. दुसरा महाग, त्याच्या सळ्यांवर झाकण, आतली लाली दिसत नाही. दुकानदाराने पहिला सुरू करून दाखवला. सळ्या हळूहळू लाल होत गेल्या, आणि प्रेमिलाने माझा दंड असा धरला की बांगडी आत रुतली. दुसराच घेऊ, असं ती पुटपुटली. ह्यांना तो परवडणारा नव्हता. ते तिला लहान मुलीसारखं समजावू लागले, "काहून भेऊन राहिली वं बेटा? स्टोव्ह भडकला होता. हा भडकत नाही."

"बाबा, स्टोव्ह भी नव्हता भडकला," ती म्हणाली.

दुकानदार किंमत सांगता सांगता थांबला. प्रेमिला त्या लाल सळ्यांकडेच बघत होती. "मी भाकरी करून राहिली होती. मागून अंगावर रॉकेल आलं. मले वाटलं डबा सांडला. वळून पाहिलं तर ह्यांच्या हातात काडी होती. अन् मामी दाराची कडी लावून राहिल्या होत्या." ह्यांच्या म्हणजे मधुसूदनरावांच्या, आणि मामी म्हणजे तिची सासू, पार्वतीबाई. शेजारच्यांनी मागचं दार तोडलं म्हणून पोर वाचली, गोविंदा.

दुकानदाराने आपणहून बटण बंद केलं आणि स्टूल पुढे सरकवलं. मला वाटलं, आता हे इथेच कोसळतात. पण ते बसले नाहीत. तिला घेऊन बाहेर आले, एका झाडाखाली थांबले आणि म्हणाले, "मले आधी काहून नाही सांगतलं?" ती म्हणाली, "दवाखान्यात जबाब घेतला तवा मामी खाटेपाशीच होत्या. म्हणे, तुह्या बापाचं काळीज नाजूक आहे, हे ऐकलं तर तो मरन. म्हणून मी स्टोव्ह सांगतलं." ह्यांनी तिच्या भाजलेल्या हाताला कधी हात लावला नव्हता, तिला दुखेल म्हणून. त्या दिवशी त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. "पाह्य, मी उभा आहे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही आर्वीला जाऊन पोलीस ठाण्यात नवा जबाब दिला. प्रेमिला सगळं बोलली, मध्ये पाणीसुद्धा मागितलं नाही. दार तोडणारी शेजारीणही सांगायला तयार आहे. ह्यांनी विहीणबाईंना कळवलं की रविवारी येऊ नका, पोरगी येणार नाही. आता मी दिवसभर फाटकाकडे बघत असते. रस्त्यावर ट्रक थांबला तरी उठून कडी तपासते. हे जेवत असताना मी त्यांचा श्वास मोजत बसते. प्रेमिला मात्र काल पहिल्यांदा झोपेत ओरडली नाही.

आता तुला का लिहिलं ते सांगते. ती माणसं आमच्याकडे येणार नाहीत, ती गोंदियाला तुझ्याकडे येतील. हे स्थळ तू आणलं होतंस. मधुसूदनराव तुझ्या मित्राचा भाचा. ते तुझ्या पाया पडतील, रडतील, पोरीचं डोकं फिरलं म्हणतील, आणि समेट घडवून आण म्हणतील. तुझा स्वभाव मऊ, दारी आलेल्याला तू नाही म्हणत नाहीस. ह्या वेळी एकदा नाही म्हण. मी तुला बोल लावत नाही, त्यांचं मन तुला काय दिसणार होतं? पण त्यांचा निरोप घेऊन आमच्या दारात येऊ नकोस. तुझा तू ये, शक्य तितक्या लवकर. काल भाजी निवडता निवडता प्रेमिलाने मला विचारलं, "मामा कोणाकडून बोलन वं, आई?" मी तिला उत्तर दिलेलं नाही. ते तू येऊन दे.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
भागीरथाताई