विरामातला फोटो

४ मार्च, शनिवार

नवा कॅमेरा मुका आहे! अगदी ठार मुका. जुन्याचा खटका असा वाजायचा की तिसऱ्या रांगेतल्या चष्मेवाल्या बाई दर वेळी मान वळवून बघायच्या — जणू मी त्यांच्या मानेवरच शिंकलो. आज एकदाही वळल्या नाहीत. शेवटी मीच दोनदा खोकून हजेरी लावली.

वाचनालयाच्या वरचा हॉल. उजेड म्हणजे दोन पिवळे दिवे आणि स्वरलिपीच्या स्टँडवरचा इवलासा बल्ब. संगीत मंडळाच्या चिटणिसांना म्हटलं, अहो, निदान एक दिवा तरी वाढवा. म्हणाले, "मोटरवाले, संगीत कानांनी ऐकतात." खरंय. पण फोटो कुठे कानांनी काढतात?

तर — मी काढतो! आज काढला. मास्तरांच्या व्हायोलिनच्या त्या संथ तुकड्यात मधे एक विराम आहे. सूर चढत चढत जातो, आणि मग एकदम काहीच नाही. मास्तर गज तारेवरून उचलतात, हवेत धरतात, डोळे मिटतात. सगळा हॉल श्वास धरून. परवा तालमीला बसलो होतो, तेव्हाच ती जागा कानात पक्की बसली होती. आज ती येतेय हे मला आधीच कळलं. कॅमेरा पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवला, श्वास रोखला, दाबलं.

लागला. दाबतानाच कळतं.

५ मार्च, रविवार

सकाळी फोटो मोठ्या पडद्यावर लावला. हिला हाक मारून मारून स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

"बघ. चेहरा बघ. कॉलरची शिवण बघ. स्टँडवरचे कागदसुद्धा स्वच्छ!"

"बरं. मग बाकीचे फोटो असे धुरकट का येतात तुमचे?"

समजावलं. अंधारात कॅमेऱ्याला डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात जो हलला, तो पुसला गेला. वाजवणारा माणूस तर सारखा हलतोच. म्हणून तो जिथे थांबतो ती जागा गाठायची. आणि ती डोळ्यांनी नाही, कानांनी गाठायची!

हिने ओल्या हाताने पडद्याकडे बोट केलं. "मग ते थांबलेत तर ही काठी का फिसकटलीय?"

गजाचं टोक. पंख्यासारखं पसरलेलं.

"ती कला आहे," मी म्हटलं.

"असेल बाई," म्हणाली आणि परत आत गेली.

८ मार्च, बुधवार

फोटो मोठा छापून चिटणिसांना दिला. हॉलबाहेरच्या भिंतीवर लावणार म्हणाले. खाली काय लिहू विचारलं. मी सांगितलं — "विराम." आणि त्याखाली बारीक अक्षरात, पूर्ण विरामात टिपलेला क्षण.

'पूर्ण' शब्द माझाच. मागून घालायला लावला.

११ मार्च, शनिवार

आज खूप बोललो. जरा जास्तच.

भिंतीपुढे घोळका जमला. प्रत्येकाला सांगत सुटलो. की मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, पंप दुकानात यायच्या आधी, चालू असतानाच रस्त्यावरून ऐकून सांगतो, बेअरिंग गेलंय का पाणी शिरलंय. काम शिकवणारा पहिला उस्ताद चापट मारून सांगायचा — हात नंतर लाव, आधी कान लाव. तसाच हा फोटो. लोक हसले. चष्मेवाल्या बाईसुद्धा हसल्या.

मास्तर आले. बराच वेळ बघत उभे राहिले.

"छान आलाय."

"छान? मास्तर, असा पुन्हा येणार नाही!"

"हा... विरामातलाच आहे ना?"

"पैज लावा! उचललेला गज, थांबलेला हात. अर्धा श्वाससुद्धा इकडेतिकडे नाही. माझे कान आहेत, मास्तर."

ते हसले. उजवा हात खिशात घातला. चिटणीस शेजारीच उभे होते. एकेकाळी स्वतः वाजवायचे, मान आखडली म्हणून सोडलं. ते मात्र हसले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून फोटोला नाक लावून बघत राहिले.

मला वाटलं, कौतुक.

१२ मार्च, रविवार

पाठ थोपटून घेऊन घेऊन दुखतेय.

१५ मार्च, बुधवार

चिटणीस दुकानात आले. कधी येत नाहीत. मोटारींच्या आवाजात त्यांना नीट बोलता येईना, म्हणून सगळ्या बंद केल्या.

"वार्षिक मैफलीत मास्तर नाहीत," म्हणाले. "दुसऱ्याला विचारलंय."

का?

"तुम्ही दाखवलंत की. विरामात हात थांबलेला असतो. थांबलेला हात असा फिसकटत नाही. थरथरतोय तो. मला थोडी शंका होतीच, पण वाजवताना कोण सांगणार? हाताचा कंप आहे की सुराचं कंपन! तुमचा फोटो बघितला आणि प्रश्नच मिटला." वर म्हणाले, "उपकार झाले हो तुमचे. भर मैफलीत अडखळले असते तर त्यांचीच अब्रू गेली असती."

उपकार!

चेहरा स्वच्छ. कॉलर स्वच्छ. कागद स्वच्छ. सगळं थांबलंय, फक्त गजाचं टोक थांबलेलं नाही. आंधळ्यालाही दिसावं. हिला पाच सेकंदांत दिसलं. मला नाही. मी त्याला कला म्हणालो, चौकटीत घातलं, खाली 'पूर्ण' लिहायला लावलं. त्यांनी स्वतः विचारलं, विरामातलाच ना? तो प्रश्न नव्हता. ती विनवणी होती. आणि मी पैज लावत बसलो.

आवाजात असतं तर मी ओळखलं असतं. पण विरामात कानांना काय ऐकू येणार!

१६ मार्च

चिटणिसांचं हिला सांगितलं. ही म्हणाली, "मी तेव्हाच विचारलं होतं." एवढंच. पुन्हा नाही म्हणाली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

१८ मार्च, शनिवार

मास्तरांकडे गेलो. माफी मागायची म्हणून दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो. दारातच विसरलो.

वहिनींनी दार उघडलं. मास्तर खिडकीपाशी बसलेले. शर्टाचं वरचं बटण उघडं. ते कधी असे बसत नाहीत.

"या मोटरवाले. चिटणिसांनी कळवलं मला. फार गोड बोलले. विश्रांती घ्या म्हणे! मी काय गिरणी आहे?"

मी हसलो. हसायचं नव्हतं.

मग उठले. व्हायोलिन घेतलं. म्हणाले, "तुमचे कान आहेत ना? ऐका."

एकच सूर. लांब, संथ, एका दमात. गज तारेला टेकला — आणि टेकताना बारीक टक-टक-टक. अगदी बारीक. दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं. नव्या मोटारीत बेअरिंग पहिल्यांदा सैल होतं ना, तेव्हा तसंच होतं. आवाज नव्हे, आवाजाची कड. मग सूर लागला आणि ती टकटक त्याच्या पोटात गेली. सूर सुंदरच होता.

गज उतरवून माझ्याकडे बघितलं. "काय ऐकू आलं?"

वहिनी दाराच्या चौकटीत उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे. आत येत नव्हत्या, बाहेरही जात नव्हत्या.

मी म्हटलं, "काही नाही. स्वच्छ सूर."

मास्तर एकदम सैल झाले. खुर्चीत बसले. "मग? तो फोटो विरामातला नसेलच. अंधार, गर्दी. तुम्हाला तरी कसं नक्की कळणार? एखादा क्षण पुढेमागे झाला असेल. गज चालू असेल."

"असेल," मी म्हटलं.

"असेल की आहे?"

"आहे," म्हटलं. "चालूच होता. मी आपली बढाई मारली, मास्तर."

चहा घेतला. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "तुमचे कान फार चांगले आहेत म्हणतात." आणि दार लावून घेतलं.

१९ मार्च, रविवार

चिटणिसांकडे गेलो. सांगितलं — फोटो विरामातला नाही. वाजवतानाच खटका दाबला गेला. चालता गज पुसट दिसणारच, त्यात थरथर कसली? विराम-बिराम मी लोकांवर छाप पाडायला म्हटलं.

"पैज लावत होतात तुम्ही."

"हो. लावतो मी. सवय आहे."

"म्हणजे तुमचे कान चुकले?"

आयुष्यात हे वाक्य कुणी मला म्हटलेलं नाही. चौदाव्या वर्षी घर सोडलं तेव्हा माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, हे दोन कान होते. यांच्यावर दुकान उभं राहिलं. म्हटलं, "चुकले."

चिटणिसांचा चेहरा खुलला! त्यांनाही मास्तरांना काढायचं नव्हतंच. दुसऱ्याला नको कळवायला लगेच फोन लावला. मग मला म्हणाले, "मोटरवाले, पुढच्या वेळी तोंडालाही तो मुका खटका बसवून घ्या."

फोटो भिंतीवरून उतरवला.

२२ मार्च, बुधवार

हॉलवर सगळ्यांना कळलंय. माझं नवं नाव — विरामराव. "काय विरामराव, आज पूर्ण की अर्धा?" चष्मेवाल्या बाईसुद्धा! मी सगळ्यांबरोबर हसतो. खरं सांगायचं तर बरं वाटतं. मार बसतोय म्हणजे फेड होतेय.

हिला सगळं सांगितलं. टकटक ऐकल्याचं सोडून.

२५ मार्च, शनिवार

तालीम. कॅमेरा नेला नाही. मागच्या रांगेत बसलो, डोळे मिटून.

टक-टक-टक. प्रत्येक संथ सुराच्या तोंडाशी.

लगेच उघडले डोळे. उघडे ठेवले की कमी ऐकू येतं.

१ एप्रिल, शनिवार

वार्षिक मैफल. हॉल भरलेला, मागे लोक उभे. मास्तरांचं वाजवणं — काय लिहू! मधला तो चढ आला तेव्हा माझ्या शेजारचा गृहस्थ चक्क रडला. नाक पुसायला माझ्याच हातरुमालावर झडप घातली. दिला.

मग विराम आला. मी वाट बघत होतो. मास्तरांनी गज उचललाच नाही. तारेवर टेकवूनच ठेवला, दाबून, जसा कुणी दारावर हात दाबून धरतो. डोळे मिटले नाहीत. उघडे होते. हातावर होते.

कुणाच्या लक्षात आलं नाही. टाळ्या थांबेनात. चिटणिसांनी मला लांबूनच अंगठा वर करून शाबासकी दिली.

नंतर मास्तर गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. हात पुढे केला. डावा. "तुमच्यामुळे, मोटरवाले."

मी तो हात हातात घेतला. उजवा बघितला नाही. मुद्दाम बघितला नाही.

हिने वाटेत विचारलं, "एवढं चांगलं झालं, मग तोंड का असं?" म्हटलं, उकडतंय.

२ एप्रिल, रविवार

काही नाही. झोप नाही.

३ एप्रिल, सोमवार

ठरवलं, चूप बसायचं. मास्तर मोठे आहेत, त्यांचं त्यांना कळतंय. कळतंय म्हणून तर गज दाबून ठेवला! माझं बोलून झालंय. एकदा उगाच खरं बोललो, एकदा विचार करून खोटं बोललो. हिशेब बरोबरीत सुटला. आता पुन्हा तोंड उघडलं तर मास्तरांचं वाजवणंही जाईल आणि माझ्यावरचा विश्वासही.

हे लिहून वाचलं. विश्वास शेवटी लिहिलाय, पण मला काळजी त्याचीच आहे.

४ एप्रिल, मंगळवार

दुकानात वहिनी आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, हॉलबाहेरच्या भिंतीवरचा फोटो बघून मास्तर पहिल्यांदा डॉक्टरांकडे जायला तयार झाले होते. वहिनी वर्षभर मागे लागल्या होत्या, ते झालं नव्हतं; फोटोने झालं. वेळ घेतली होती. मी येऊन गेलो त्याच संध्याकाळी त्यांनी ती रद्द केली. "मोटरवाल्यांना काही ऐकू आलं नाही, मग काही नाहीच," म्हणाले.

"त्या दिवशी मी दारात का उभी होते ठाऊक आहे?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तरी खरं बोलाल म्हणून."