गिअरची नवी मूठ

ती. बाबांना,

लांबूनच पाया पडतो. मी ठणठणीत आहे. आईला सांगा, पँट घट्ट व्हायला लागलीय.

इथे जुन्या ट्रकांचे वेडे भेटलेत. दर रविवारी एका शेडमध्ये जमतात आणि म्हातारे ट्रक नवरदेवासारखे नटवतात. परवा तुमच्या गाडीच्याच वयाचा एक ट्रक रंगवून झाला. त्यांचा म्होरक्या वेल्डर गिअरची जुनी मूठ काढून नवी बसवायला निघाला. जुनीवर अंगठ्यानं घासून घासून खड्डा पडला होता, अगदी तुमच्या गाडीतल्यासारखा. मी ओरडलोच, "राहू द्या ती! हा खड्डा पाडायला कुणाचं तरी आयुष्य गेलंय."

वेल्डरनं स्वतःचा अंगठा त्या खड्ड्यात ठेवून पाहिला आणि मूठ होती तशी राहू दिली.

अर्धांगाच्या झटक्यानंतर तुमचा हात आता पेला धरतो का? मी विचारलं की आई विषय बदलते. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू तुम्ही आवळत नाही, "मी काय लहान मूल आहे?" म्हणता, हे ताईकडून कळलं.

म्हणून ती नवी मूठ वेल्डरकडून मागून घेतली. पार्सलनं पाठवतोय. रोज आवळत जा, आणि तिच्यावर अंगठ्याचा खड्डा पडला की कळवा. मला घाई नाही. तुम्हीही करू नका.

तुमचा धाकटा