टाकीच्या तळाचा गहू

दादा,

तुझा दोस्त गेला, माझा नवरा गेला, आणि मालक आपल्या दोघांच्या तोंडावर म्हणतो, "तो स्वतःच्या हलगर्जीपणाने मेला."

साफ खोटं! टाकीच्या तळाचा शेवटचा गहू भिंतीला चिकटला होता. तो खरवडायला हा खोरं घेऊन आत उतरला. तळाशी फिरून धान्य बाहेर ट्रकमध्ये ओढणाऱ्या पोलादी मळसूत्राची किल्ली आतल्या माणसाच्या खिशात हवी, असा नियम. मालकाने ती काढून घेऊन तुझ्या हातात दिली. "ट्रक खोळंबलाय. आतून दोन ठोके आले की चालू करा."

उतरताना हा म्हणाला, "मेहुणे, डुलकी काढू नका."

"तुम्ही खाली घोरू नका, जावईबापू," तू हसलास.

मी वर झाकणापाशी होते, तू शेजारीच बटणापाशी. चिकटलेली ढेप फोडायला त्याने खोरं दोनदा हाणलं. तुला तो इशारा वाटला आणि तू बटण दाबलंस. पोलादाने त्याला मांडीपर्यंत ओढून नेलं. ट्रकमध्ये लाल गहू पडला. मी दुसरं खोरं उचलून तुझ्या खांद्यावर घातलं, हाड मोडलेलं ऐकलं, तरी पुन्हा घातलं. त्याची माफी मी मागणार नाही.

हे पत्रही तुला देणार नाही. माझ्या धाकाने बोललास तर ती साक्ष तुझी राहणार नाही. पण तू गप्प बसलास, तर पुढच्या टाकीत आणखी कुणाची बायको वाकून बघेल. दादा, उद्या चौकशीत सगळ्या मजुरांसमोर उभा राहा. "बटण मी दाबलं," असं स्वतःच्या तोंडाने म्हण, आणि मग मालकाचं नाव घे.

तुझी,
अजूनही धाकटीच