टोपीतल्या चिठ्ठ्या

ती. आईला आणि तिच्या दुखऱ्या गुडघ्याला शिरसाष्टांग नमस्कार.

कधी एकदा तुला सांगते असं झालंय! इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालून झाल्या की मी इंग्रजीच्या वर्गाला जाते ना, तिथे सगळी मोठी माणसं. काही अडलं तर विचारायला लाजतात. म्हणून बाईंनी आज नवीन रीत काढली. अडलेलं चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही आणि आमच्या वर्गातल्या ड्रायव्हरकाकांच्या टोपीत टाकायचं.

चिठ्ठ्या उघडल्या, तर जवळजवळ सगळ्यांत एकच प्रश्न! इंग्रजी शब्दाआधी 'अ' कधी लावायचं आणि 'द' कधी? अगं, प्रत्येकाला वाटत होतं, आपणच तेवढे ढ. आम्ही इतके हसलो की शेजारच्या वर्गातले लोक बघायला आले!

शेवटच्या चिठ्ठीत मात्र होतं, "होमसिक हा कुठला आजार?"

बाई म्हणाल्या, "तो आजार नाही. घरच्या आठवणीने कशात मन लागत नाही ना, ते."

तेव्हा कुणी हसलं नाही. तेवढ्यात ड्रायव्हरकाकांनी जोरात नाक शिंकरलं आणि चिठ्ठी त्यांचीच, असं सगळे धरून चालले. बिचारे!

माझं छान चाललंय, वेळेवर जेवते. तू गुडघ्याला तेल लावतेस का? दादा तुझ्यावर ओरडत नाही ना? माझी खोली भाचरांनी बळकावली असेल, खरं सांग.

तुझी बडबडी,
धाकटी

ता. क. काकांना नुसती सर्दी झाली होती. चिठ्ठी माझी होती. पण तो आजार नाही म्हणे, तेव्हा काळजी करू नकोस.